पुढचं घर

क्लूनाऱ्याच्या वाडीत फिरती मिस्सा वर्षातून दोनदा होते, एकदा वसंतात आणि एकदा पानं गळायच्या सुमाराला, आणि रस्त्याच्या क्रमानं एकेका घराला पाच वर्षांनी तिचा मान मिळतो. फादर येतात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरं कापड घातलं की तीच वेदी होते, सगळी वाडी दाटीवाटीनं उभी राहते. नंतर न्याहारी. उकडलेली अंडी, बेकन, सोडा ब्रेड, आणि ज्याला हवी त्याच्या चहात थोडी व्हिस्की. निघायच्या आधी फादर विचारतात, "पुढचं घर कोणाचं?" आणि घरची बाई नाव सांगते. खरं तर त्यात विचारण्यासारखं काही नसतं. घरं रस्त्याला उभी आहेत, ती काही जागा बदलत नाहीत. तरी विचारायचं असतं आणि सांगायचं असतं.

त्या ऑक्टोबरात मिस्सा ॲट्रॅक्टा कॉन्कॅननकडे होती. ॲट्रॅक्टाबाई म्हणजे विधवा, धार्मिक, आणि वाडीतल्या यच्चयावत चारित्र्यांची राखणदार. तिच्याकडे सोनेरी काठाच्या कपांचा मोठा संच होता, आणि मिस्सा ज्या घरी असेल त्या घरी तो संच आदल्या आठवड्यात पोचता व्हायचा. फादर लॉर्कन उन्हाळ्यातच नवे आलेले. त्यांनी अंगावरचे ब्रेडचे कण झटकले आणि रिवाजाप्रमाणे विचारलं. ॲट्रॅक्टाबाई किंचित थांबली, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, "लाव्हेलांचं."

कॉन्कॅनन आणि लाव्हेल यांच्या मधे दोन घरं आहेत. एक ॲट्रॅक्टाबाईच्या मुलानं, फिंटननं, इंग्लंडातून पैसे पाठवून बांधलेला बंगला. तो अजून रिकामाच होता, त्यामुळे तो सोडला तर कोणी काही म्हणणार नव्हतं. दुसरं, त्या बंगल्याच्याही अलीकडचं, गेराटींचं. चांगलं दोन मजली दगडी घर, रस्त्यानं जाणाऱ्या आंधळ्यालासुद्धा दिसेल असं. पण मिस्सेच्या वेळी ते वीस-बावीस वर्षांत कोणाला दिसलं नव्हतं.

डिम्पना गेराटी कपाटाला टेकून उभी होती. या क्षणाची तयारी ती आठवडाभर करत होती. गाईचं दूध काढताना, चुलीतली राख काढताना तिनं वाक्यं जुळवली होती, फादर काय म्हणतील आणि त्यावर आपण काय म्हणायचं तेही ठरवलं होतं. प्रत्यक्षात तोंडातून एवढंच निघालं.

"लाव्हेलांचं नाही. पुढचं घर आमचं."

 लाव्हेल आपल्या बुटांकडे बघायला लागला. डिम्पनानं हनुवटी वर केली आणि नकार अंगावर घ्यायला तयार झाली.

"बरं," फादर लॉर्कन म्हणाले. "मग एप्रिलात. तुमच्या अंगणात गाडी वळते ना?"

झालं. एवढंच. कंबर कसून, तलवार उपसून माणसानं किल्ल्यावर चालून जावं आणि दरवाजा नुसता लोटलेला असावा, तसं तिचं झालं. घरी येईपर्यंत तिला आनंदाऐवजी संतापच आला. इतकी वर्षं सगळी वाडी धरून चालली होती की फादर त्या घरात पाऊल टाकणार नाहीत. आधीचे फादर धरून चालले होते की त्या घरालाच मिस्सा नको आहे. कोणी कोणाला विचारलं नव्हतं. आमच्याकडे असंच असतं. ज्या गोष्टीची लाज वाटते ती विचारायची नाही, आणि न विचारता मिळालेलं उत्तर मात्र जन्मभर पाळायचं.

आता गेराटींच्या घरात असं होतं तरी काय, तर माणसं होती. फक्त ती कुठल्याच नात्याच्या खणात बसत नव्हती.

चुलीजवळच्या खुर्चीत फेस्टसकाका, डिम्पनाचा थोरला चुलता, नव्वदीला टेकलेला, बिनलग्नाचा. घर आणि जमीन त्याच्या नावावर. समोरच्या खुर्चीत डेलिया. ही कोण, तर मॅलाकीची सासू. आणि मॅलाकी कोण, तर डिम्पनासोबत दहा वर्षं राहणारा माणूस, ज्याची लग्नाची बायको कधीच एका ट्रकवाल्याबरोबर कॉव्हेंट्रीला निघून गेली होती. डेलियाचं छप्पर वादळात उडालं, तेव्हा पोटची पोर काही आली नाही. मॅलाकी गेला आणि म्हातारीला तिच्या कोंबड्यांसकट घेऊन आला. वाडीतल्या बायकांना याचं कोडं सुटता सुटत नव्हतं. सवतीची आई घरात सांभाळते म्हणजे ही डिम्पना भोळी म्हणायची की बेरकी? डेलिया आणि फेस्टस रेडिओच्या बटणावरून दिवसभर भांडत, आणि एक जण आजारी पडला तर दुसऱ्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

आणि सॉर्चा. डिम्पनाची मुलगी, आता गॉलवेत नर्स. तिच्यापासूनच सगळं सुरू झालं होतं.

डिम्पनाला दिवस गेले तेव्हा ती वीस वर्षांची होती. बापानं एक शब्द न बोलता भाड्याची गाडी बोलावली. पोरीला लग्नावाचून दिवस गेलेल्यांसाठीच्या नन्सच्या ठिकाणी पोचवायचं, मूल झालं की ते कोणाला तरी द्यायचं, आणि वर्षभरानं ती इंग्लंडात नोकरीला होती असं सांगायचं, असा तेव्हाचा सर्रास मामला. पेटी गाडीत ठेवली. तेवढ्यात फेस्टस गोठ्यातून आला, चिखलाच्या बुटांसकट मागच्या सीटवर जाऊन बसला आणि पाइप पेटवू लागला. भाऊ म्हणाला, हे काय. फेस्टस म्हणाला, "लग्न न झालेल्यांना नेताहेत ना कुठंसं? मग मीही येतो. माझंही कुठं झालंय?"

तो उतरला नाही. गाडीवाला तासभर थांबला, कंटाळला आणि रिकामा परत गेला. बाप त्यानंतर पाच वर्षं जगला आणि त्या पाच वर्षांत डिम्पनाशी पाच वाक्यं बोलला नसेल. पण सॉर्चा त्याच घरात जन्मली, त्याच अंगणात चालायला शिकली. मिस्सा मात्र त्या अंगणात परत आली नाही.

जुनी माणसं म्हणतात, पूर्वी घरं कशी भरलेली असायची. असायची ना. फेस्टसच्या आईला अकरा मुलं. त्यातली आठ परदेशच्या बोटीत बसवून दिली, एक लेक नन झाली, उरलेल्या दोघांतला धाकटा, डिम्पनाचा बाप, बायकोच्या माहेरी राहिला आणि ती वारल्यावर पोरीला घेऊन परतला, आणि थोरला फेस्टस आईचं राज्य संपायची वाट बघत पन्नाशीला पोचला. आई असेपर्यंत दुसरी बाई त्या स्वयंपाकघरात कशी येणार? ती गेली तेव्हा याच्याकडे बघणारी कोणी उरली नव्हती. अशी ती पवित्र कुटुंबं. डिम्पनाला कोणी जुन्या काळाचं कौतुक सांगायला लागलं की तिचं टाळकं सरकायचं.

तरी मिस्सा तिला हवी होती, ती फेस्टससाठी. उन्हाळ्यात तो छातीच्या आजारानं पडला होता. बरा होऊन खुर्चीत बसला तेव्हा टेबलावर हात फिरवत म्हणाला की आईच्या वेळी याच टेबलावर वेदी व्हायची, अजून एकदा बघायला मिळाली असती तर बरं होतं. गाडीत जाऊन बसलेल्या त्या माणसानं एवढ्या वर्षांत मागितलेली ही एकच गोष्ट. आणि ती त्याला कोणामुळे मिळत नव्हती, हे तो बोलला नसला तरी तिला ठाऊक होतं. तिचा जीव तुटला.

नाताळाच्या सुमाराला फिंटन कॉन्कॅनन इंग्लंडातून परत आला. बरोबर ग्लेनिस नावाची वेल्श बाई, घटस्फोट झालेली, आणि तिची दोन मुलं. बंगल्यात दिवे लागले. ॲट्रॅक्टाबाईनं चर्चच्या पायऱ्यांवर सांगून टाकलं की फिंटननं भाडेकरू ठेवलेत. वाडीनं मान डोलावली. भाडेकरीण फिंटनच्या चड्ड्या तारेवर वाळत घालत होती, भाडेकरणीची धाकटी पोर त्याच्या खांद्यावर बसून दुकानात जात होती, पण ॲट्रॅक्टाबाईला कोण बोलणार?

घटस्फोटाचा कायदा आमच्याकडे नुकताच आला होता, तोही सार्वमतात केसाएवढ्या फरकानं, आणि आमच्या भागानं तर नाहीच म्हटलं होतं. लोक डिम्पनाला विचारायचे, आता काय, मॅलाकीला मोकळं होता येईल, मग लग्न कधी? डिम्पना म्हणायची, "इतकी वर्षं तुम्ही मला लग्नावाचून ठेवलंत. आता मला सवय झाली." मॅलाकी हसायचा आणि कुंपण दुरुस्त करायला निघून जायचा. तो कमी बोलणारा माणूस होता.

मार्चात डिम्पनानं घराला रंग द्यायला घेतला. मिस्सा येणाऱ्या घराला रंग लागतोच, पण तो पांढरा. डिम्पनानं पिवळाधमक निवडला, अंड्याच्या बलकासारखा. कोणी म्हणालं की जरा डोळ्यावर येतो. ती म्हणाली, "यायलाच हवा. इतकी वर्षं दिसत नव्हतं ना घर?"

फादर लॉर्कन एकदा दारावर येऊन गेले. माणूस वाईट नव्हता, फक्त अवघडलेला होता. टोपी हातात फिरवत त्यांनी सांगितलं की मिस्सा होईल, पण तिला आणि मॅलाकीला कम्युनियन, म्हणजे वेदीवरचा प्रसाद, देता येणार नाही, लग्नावाचून एकत्र राहणाऱ्यांना नियम असा आहे. डिम्पना म्हणाली, "मी मागितलंय का, फादर? तुमच्या हातात जे आहे ते तुम्ही ज्याला द्यायचं त्याला द्या. न्याहारी माझ्या हातात आहे. ती मी सगळ्यांना वाढणार आहे."

मिस्सेच्या आठवडाभर आधी ॲट्रॅक्टाबाई आली. हातात फ्रूटकेक होता. कप नव्हते. डिम्पनाच्या नजरेनं आधी तेच टिपलं. डेलियानं तिला बघून रेडिओ मोठा केला आणि फेस्टसनं तो लहान केला.

डिम्पनानं तिला बैठकीच्या खोलीत नेलं. ॲट्रॅक्टाबाईनं बसायच्या आधीच सल्ले सुरू केले. फादरांचं टेबल इथं बैठकीत लाव, बाकीच्यांना स्वयंपाकघरात. समोर घरधनी म्हणून फेस्टसला बसव, शोभेल. मॅलाकीला त्या दिवशी गुरांच्या बाजाराचं काही काम निघालं तर बरं. डेलियालाही वर झोपून राहता येईल, वय झालंय.

"मॅलाकी कुठं जाणार नाही," डिम्पना म्हणाली. "डेलियाही नाही. तिनं त्या दिवसासाठी टोपी घेतलीय."

"मी तुझ्या भल्याचं सांगते."

"तुम्ही नेहमीच सांगता, बाई."

ॲट्रॅक्टाबाई आता बसली. मांडीवरच्या हातमोज्यांची बोटं एकेक करून सरळ केली. मग जे बोलायला आली होती ते खालच्या आवाजात बोलली. पुढचं घर विचारतील तेव्हा डिम्पनानं लाव्हेलांचं नाव सांगावं. फिंटनचा बंगला अजून ओला आहे, सामान यायचंय, शिवाय भाडेकरू आहेत, बाहेरची माणसं, त्यांना आपल्या चालीरीती काय कळणार.

"भाडेकरू," डिम्पना म्हणाली.

ॲट्रॅक्टाबाईचा चेहरा उतरला. एकदम म्हातारी दिसायला लागली. "चारचौघांत ते नाव नको घेऊस, डिम्पना. माझ्याच्यानं नाही सोसवणार. दुसऱ्या कोणाला नाही कळलं तरी तुला कळेल ना गं हे."

तिला काय म्हणायचं होतं देव जाणे. पण ते ऐकून डिम्पनाच्या अंगाची लाही लाही झाली. लाज काय असते ते तुला ठाऊकच आहे, असंच ना? जी लाज हिनं दर पाच वर्षांनी आणून उंबऱ्यावर ठेवली, तिच्यातच आता वाटेकरी हो म्हणतेय.

"एक विचारू?" ती म्हणाली. "माझं नाव गाळताना तुम्हाला कसं वाटायचं?"

ॲट्रॅक्टाबाईनं हातमोजे चढवायला घेतले. "थांबायचे मी," ती म्हणाली. "दर वेळी थोडी थांबायचे."

डिम्पनानं केक घेतला, दार उघडलं आणि वचन काही दिलं नाही.

संध्याकाळी ती बंगल्याच्या कुंपणाशी गेली. ग्लेनिस तारेवरचे कपडे काढत होती. डिम्पनानं मिस्सेला यायचं सांगितलं, फिंटन आणि मुलांसकट, आणि दारात उभं राहायचं नाही, आत यायचं हेही सांगितलं. ग्लेनिस चिमटे पिशवीत टाकत म्हणाली, "आम्ही भाडेकरू आहोत असं ऐकते. भाडेकरूंना बोलावतात का?"

"आमच्याकडे सवतीच्या आईलाही बोलावतात."

ग्लेनिस खळखळून हसली. मग विचारलं की हे असं घरोघर फिरत राहतं, तर न्याहारी कोण करतं. ज्याचं घर तो, डिम्पनानं सांगितलं. ग्लेनिस म्हणाली की ब्रेड तिला बरा जमतो, तीस माणसांचाही केलाय. आणि चादरीची घडी घालता घालता कॉन्कॅननांच्या घराकडे एकदा नीट बघितलं. डिम्पनाला हवं होतं ते कळलं, घराला मान आला तर ही मागे हटणार नाही.

रात्री तिनं मॅलाकीला ॲट्रॅक्टाबाईचे सल्ले सांगितले. तो म्हणाला की म्हाताऱ्यासाठी तो खुशाल एक सकाळ दलदलीत सरपणाचं पीट खणत काढेल, त्यात काय. "तू गेलास," ती म्हणाली, "तर मी तुझ्या मागोमाग येईन, आणि फादर डेलियाच्या कोंबड्यांना मिस्सा सांगतील." मग त्याला काम दिलं. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांमधलं दार बिजागऱ्यांवरून काढायचं. ते दार त्यानं लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं, पुढं जुनं टेबल जोडलं, आणि दोन खोल्यांतून आरपार एकच पंगत झाली. आता फादरांना वेगळं बसवायला वेगळी खोलीच उरली नव्हती.

त्या सकाळी सगळे आले. काही भक्तीनं, काही दार काढलंय हे ऐकून. लाव्हेल नवरा-बायको आले, फिंटन आणि ग्लेनिस मुलांना घेऊन आले आणि डिम्पनानं त्यांना चुलीजवळ उभं केलं. ॲट्रॅक्टाबाई पलीकडच्या भिंतीशी, काळ्या कोटात. गॉलवेहून सॉर्चा आली होती. तिनं फेस्टसची दाढी केली, त्याला कॉलर लावली आणि टेबलाच्या कडेशी बसवलं.

फादरांनी घरातल्या गेलेल्यांची नावं घेतली. फेस्टसची आई, बाप, परदेशात मेलेली भावंडं, डिम्पनाची आई, आणि तिचा बाप. फेस्टसचा हात टेबलाच्या कापडावर होता. तो रडत होता, सरळ, न लपवता, आणि डेलियानं आपला रुमाल त्याच्या मांडीवर फेकला. डिम्पनाला वाटलं की एवढ्यासाठी ती आणखी वीस वर्षं भांडली असती.

कम्युनियनला माणसं पुढं सरकली. डिम्पना आणि मॅलाकी जागचे हलले नाहीत. ती खाली बघत उभी राहिली नाही. एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि बऱ्याच जणांनी आपणच नजर वळवली. ग्लेनिसही चुलीपाशीच राहिली. सॉर्चाचा नंबर आला तेव्हा ती गेली नाही. आईशेजारी येऊन उभी राहिली.

मग न्याहारी. अंडी, बेकन, ॲट्रॅक्टाबाईचा केक, आणि चहा सत्तर तऱ्हांच्या कपांतून. टवके उडालेले मग, सॉर्चाच्या हॉस्पिटलातले कप, एक जॅमची बरणीसुद्धा. फादर इकडे-तिकडे बघत म्हणाले, घरधनी कुठं बसतात, त्यांच्याजवळ बसतो.

फेस्टसनं त्यांच्याकडे मान वळवली. "धनी तो बघा, किटली घेऊन उभाय. मी नुसता नावाचा. बसा हवं तिथं, सगळीकडं सारखंच गरम आहे."

मॅलाकीचे कान लाल झाले. त्यानं फादरांना चहा ओतला.

निघायची वेळ आली. फादरांनी ब्रेडचे कण झटकले आणि विचारलं, "तर मग, पुढचं घर कोणाचं?"

डिम्पना थांबली. ॲट्रॅक्टाबाई जेवढी थांबायची तेवढीच, मुद्दाम नव्हे, पण तेवढी जागा त्या प्रश्नापुढे असतेच हे तिला तेव्हा कळलं. ॲट्रॅक्टाबाई हातातल्या मगात बघत होती.  तिनं लाव्हेलांचं नाव घेतलं असतं तर वाडीतल्या कोणाला आश्चर्य वाटलं नसतं. सोपं होतं. म्हातारीवर उपकार झाले असते आणि ती जन्मभर मिंधी राहिली असती.

"रस्त्यानं पुढचं घर कॉन्कॅननांचं," डिम्पना म्हणाली. "फिंटनचं आणि ग्लेनिसचं."

"ऑक्टोबरात," फादर म्हणाले.

"चालेल," ग्लेनिस म्हणाली, फिंटननं तोंड उघडायच्या आत. "मुलं रंग देतील. निळा म्हणताहेत."

 सगळे ॲट्रॅक्टाबाईकडे बघत नव्हते, इतक्या जोरानं बघत नव्हते की ते बघण्याहून वाईट होतं. तिनं हातातला मग खाली ठेवला. ती दाराकडे जाईल असं डिम्पनाला वाटलं. ती चुलीकडे गेली. ग्लेनिसची धाकटी पोर फिंटनच्या पायाला बिलगून उभी होती, तिच्या ओठाला जॅम लागला होता. ॲट्रॅक्टाबाईनं कोटाच्या खिशातून रुमाल काढला, पोरीचं तोंड पुसलं, जरा जोरातच, आणि ग्लेनिसला म्हणाली, "कप माझे ने तेव्हा. सोनेरी काठाचे आहेत."

"नेईल की," डिम्पना मधेच बोलली. तिचा आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "पण कप रस्त्यानं जातात, बाई. आधी इथं, मग तिथं. आता कोणाला गाळायचं नाही."

"मिस्सा तर झाली," ॲट्रॅक्टाबाई म्हणाली.

"चहा अजून आहे."

 शेवटी ॲट्रॅक्टाबाईनं फिंटनला हाक मारली आणि कपाटाची किल्ली दिली. नंतर काय वाटलं कोण जाणे, ती परत मागून घेतली आणि स्वतःच निघाली. फादर गाडी वळवून गेले, पण बाकी कोणी हललं नाही. थोड्या वेळानं ती रस्त्यानं येताना दिसली, छातीशी खोकं धरून, सावकाश. पिवळ्या घराच्या फाटकाशी आली आणि थांबली नाही.

डिम्पनानं पहिला कप विसळला, चहा ओतला आणि फेस्टसपुढं ठेवला. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलला, सोनेरी काठ डोळ्यांजवळ नेऊन बघितला, एक घोट घेतला.

"चहा आपलाच आहे," तो म्हणाला, आणि कप रिकामा करून पुन्हा पुढं केला.